बसकी गाडी

मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की आजपासून करिष्माचं स्टेटस बघायचं नाही.

हा निश्चय सकाळी साडेसातला केला आणि सात एकेचाळीसला मोडला. स्टेटसवर एक पांढरीशुभ्र, म्हशीएवढी रुंद गाडी होती. गाडीला सनरूफ होतं. ज्वारीच्या ताटाला कणीस यावं तशी त्या सनरूफमधून करिष्मा वर आली होती. खाली लिहिलं होतं, 'न्यू मेंबर'.

करिष्मा माझी चुलत बहीण. वडनेर भोलजीच्या शाळेत आम्ही एकाच बाकावर बसून शिकलो. म्हणजे मी शिकले, ती माझ्या वहीत बघून लिहायची. पुढे मी एम.एस्सी. झाले. आता नांदुऱ्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि रोज काळीपिवळी जीपमध्ये चौघींच्या जागेत सहावी होऊन जाते. ती बारावीनंतर लग्न करून संभाजीनगरला गेली आणि सनरूफमधून बाहेर येते. आधी 'काऊन व' म्हणायची, आता 'का गं' म्हणते. मला तिचा अजिबात हेवा वाटत नाही. (हे मी त्या दिवशी आईला चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी आई म्हणाली, "मंग दात काऊन खाऊन राह्यली?")

आमच्या जमिनीचा एक तुकडा हायवेत गेला होता, त्याचे पैसे बँकेत पडून होते. बाबांना त्यातून पिकअप घ्यायची होती. आपली वांगी, आपली मिरची, आपल्या गाडीतून खामगावच्या बाजारात न्यायची, एवढं एकच स्वप्न त्या माणसाने पाच वर्षं पाहिलं होतं. त्या स्वप्नावर मी एका दुपारी गाडी घातली.

"बाबा, पिकअपच्या पैशात जर्मन एसयूव्ही येते. दहा वर्षं जुनी, पण नवी होती तेव्हा सत्तर लाखांची होती."

"मंग आता दहात काऊन देऊन राह्यले?"

(त्या संपूर्ण व्यवहारात विचारला गेलेला हा सर्वात हुशार प्रश्न. मी त्यावर 'डेप्रिसिएशन' असं उत्तर दिलं. शब्द इंग्रजी आणि लांब असला की बाबा गप्प होतात.)

थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "पण वांगे कुठी ठेवाचे?"

"डिकीत. पाचशे लिटरची डिकी आहे!"

"वांगे लिटरवर मोजते काय व पोरी?"

तीन आठवडे मी व्हिडिओ पाहिले. एक्सेल शीट केली, तिच्यात बावीस रकाने. शेवटी अकोल्याच्या रस्त्यावरच्या एका डीलरकडे, गोकुळशेठकडे, ती सापडली. काळीभोर, लेदर सीट, आणि सनरूफ करिष्माच्या दुप्पट. मी फोनवर टोकन देणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "वामनभाऊले दाखवल्याबिगर नाही."

वामनकाका म्हणजे आमच्या पंचक्रोशीतला बैलांचा शेवटचा शब्द. चाळीस वर्षांत त्यांनी पारखलेला बैल कधी कुणाला बुडवून गेला नाही म्हणतात. गावच्या पोळ्यात पहिला मान त्यांच्याच जोडीचा.

"बाबा, ही गाडी आहे! हिला दात नाहीत!"

"त्याइले समजते," बाबा म्हणाले. आमच्या घरात 'त्याइले समजते' म्हटलं की विद्यापीठाची डिग्री रद्द होते.

वामनकाकांची एकच अट होती. "बैल घ्याचा त त्याले सकाळी उठताना पाहा लागते. दिवसभर त कोनताबी उभा राह्यते."

म्हणून आम्ही पहाटे निघालो आणि सातला अकोल्यात पोचलो. डीलरचं गेट बंद होतं. काका तारेच्या कुंपणाला नाक लावून उभे राहिले. आत रांगेने गाड्या होत्या, आणि त्या रांगेत आमची काळी राणी मागच्या डाव्या चाकावर चक्क टेकली होती.

"बसली हाय," काका म्हणाले.

मी याचीच वाट पाहत होते. "काका, ते एअर सस्पेन्शन आहे. गाडी हवेवर चालते. मालकाला चढायला सोपं जावं म्हणून ती खाली होते. फीचर आहे ते."

"मालक त इथं नाही ना, बाई. रात्रभर कोनासाठी वाकली?"

तेवढ्यात गोकुळशेठ आला, गेट उघडलं, गाडी सुरू केली. ती फुस्स करून उठली. माझ्या अंगावर काटा आला. काकांनी तिला तीन प्रदक्षिणा घातल्या, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी डिकीवर थाप मारली, चाकाआड वाकून पाहिलं आणि बाबांच्या कानात म्हणाले, "बसकी हाय, शेषराव. देखणी हाय, पन बसकी. औताले जुपली का मधातच बसन."

"घ्यायचीच आहे," मी म्हणाले. (एव्हाना मी मनातल्या मनात सनरूफमधून दोनदा बाहेर येऊन गेले होते.)

काकांनी सुस्कारा सोडला, खांद्यावरचा दुपट्टा काढला, गोकुळशेठच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो. तोंडाने आकडा बोलायचा नाही, बोटं दाबायची. मला वाटलं शेठ हसेल. शेठ गंभीर झाला. त्याचे आजोबाही बैलाचे दलाल निघाले! दोन प्रौढ माणसं, मागे जर्मन तंत्रज्ञान, आणि मधे दुपट्ट्याखाली काहीतरी वळवळतंय. समोरच्या चहावाल्याने मोबाइल काढला, तेव्हा माझी सहनशक्ती संपली. मी पुढे झाले आणि दुपट्टा ओढून काढला.

"बास! दोन हजार पंचवीस साल आहे! नऊ लाख ऐंशी, फायनल!"

शेठने क्षणभर काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अत्यंत आदराने म्हणाला, "डन, मॅडम."

परतीच्या वाटेवर बाळापूरला काकांनी दुपट्टा झटकून परत खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "साडेआठ लाखाले बोट दाबलं होतं त्यानं."

गाडी घरी आली. रोज संध्याकाळी ताठ उभी असायची आणि सकाळी बसलेली सापडायची. सुरू केली की पाच मिनिटं घरघरून उठायची. आईने तिसऱ्या दिवशी निदान केलं, "हिचे गुडघे गेले." बाबांनी वांग्याची दोन कॅरेट डिकीत ठेवायला आणली, तर मी लेदरकडे बोट दाखवून त्यांना परत पाठवलं. ते कॅरेट डोक्यावर घेऊन काळीपिवळीच्या थांब्याकडे गेले. (हे मला तेव्हा दिसलं नाही असं लिहिणार होते. दिसलं होतं.)

आणि मग पोळा आला. करिष्मा माहेरी येणार होती, गाडीसकट.

हल्ली आमच्या पोळ्यात बैलांच्या मागे ट्रॅक्टरही उभे करतात, हार घालून. मग गाडी का नाही? मी आदल्या रात्री बॉनेटवर झूल चढवली, टपावर बाशिंग बांधलं, दोन हात उंच, बेगडाचं. बाबा म्हणाले, "मागं लाव, ट्रॅक्टरच्या लायनीत." मागे लावायला मी दहा लाख दिले नव्हते. मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं; मानाची जोडी ते तोडून पुढे गेली की मगच बाकीचे बैल निघतात. गाव जमायच्या आधीच मी गाडी त्या तोरणाच्या अगदी तोंडाशी नेऊन उभी केली. मानाच्या जोडीच्याही पुढे. वामनकाका आले, त्यांनी पाहिलं, आणि आपले सर्जा-मोती निमूट माझ्या डिकीमागे उभे केले.

"पोरगी हाय," ते लोकांना म्हणाले. "फोटो काढन अन् जाईन."

तोरणाच्या पलीकडे, हायवेकडच्या रस्त्यावर, करिष्माची पांढरी गाडी येऊन थांबली. ती गॉगल लावून उतरली. माझ्या गाडीकडे पाहिलं. आणि तिचा चेहरा, मी शपथेवर सांगते, अर्धा सेकंद पडला! त्या अर्ध्या सेकंदासाठी मी पिकअपचं स्वप्न मोडलं होतं. पैसे वसूल झाले.

"का गं अपेक्षा, केवढी मोठी आहे! तुझी?"

"हो. जर्मन आहे," मी सहज म्हणाले, आणि तिला नीट बघता यावं म्हणून इंजिन बंद केलं. एसीचा पंखा, आतले निळे दिवे आणि गाणी मात्र चालू ठेवली.

इथे झडत्या सुरू झाल्या. झडती म्हणजे पोळ्यातलं यमक जुळवून मारलेलं गाणं. एकाने म्हणायची, दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचं, आणि प्रत्येक झडतीला 'हर हर महादेव'. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना एकदा झडती सुचली की थांबवता येत नाही. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मी घड्याळ पाहत होते. गाडी काय करत होती ते मी पाहत नव्हते.

बाकी सगळं गाव पाहत होतं.

आधी मागचं डावं. मग मागचं उजवं. मग पुढची दोन्ही, अगदी सावकाश, जेवण झाल्यावर बैल बसतो तशी. झूल मातीला टेकली. मी धावत जाऊन बटण दाबलं. स्क्रीनवर जर्मन भाषेत तीन ओळी आल्या आणि स्क्रीनही विझला. गाणं थांबलं. दिवे गेले. बॅटरी संपली होती. मागे दीडशे बैल, त्यांच्या मागे ट्रॅक्टर, आणि पुढे जायच्या एकमेव वाटेवर मी.

वीस जणांनी ढकललं. चाकांवरच्या कमानी चाकांना टेकलेल्या, ती हलली नाही. ट्रॅक्टर बैलांतून पुढे येणं शक्य नव्हतं.

मी वामनकाकांसमोर हात जोडले. "काका, सर्जा-मोतीला जुंपा. पाचच मिनिटं."

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू? लहान मुलंसुद्धा माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी प्रसादाच्या ताटात चप्पल ठेवली होती.

"आज त्याइची सुट्टी हाय, बाई," काका शांतपणे म्हणाले. "वर्षातली एक."

तेव्हा तोरणाच्या पलीकडून तो आवाज आला. मी तो अजूनही झोपेत ऐकते.

"मी ओढू का गं?"

मी 'नको' म्हणायच्या आत बाबांनी चऱ्हाट आणलं. त्या दिवशी बाबांचा हा पहिला उत्साह मला दिसला. तिच्या गाडीला एक टोक, माझ्या गाडीला दुसरं. तिचा नवरा शेखर स्टिअरिंगवर बसला. आणि करिष्मा, अर्थातच, सनरूफमधून वर आली आणि मोबाइल माझ्यावर रोखला.

"हस ना गं जरा!"

मी स्टिअरिंग धरून बसले होते. पांढरी गाडी गुरगुरली. माझी गाडी खर्र्र आवाज करत, बसल्या बसल्या, नाक घासत निघाली. मी मनात म्हटलं, संपलं, याहून वाईट काही होणार नाही. त्याच क्षणी टपावरचं दोन हात उंच बाशिंग तोरणात अडकलं.

तोरण तुटलं.

वर्षानुवर्षं ते तोरण मानाच्या जोडीने तोडलं होतं. आज ते माझ्या गाडीने तोडलं, तेही बसून. आंब्याची पानं काचेवर पडली. मी डोळे मिटले. आता काका काय बोलतील याची वाट पाहत राहिले. मग काकांनी घसा साफ केला.

"अकोल्याहून आनली जर्मन गाय,
दूध ना शेन, नुसतीच खाय,
तोरनाखाली टेकले चारी पाय,
शेषरावची पोरगी म्हने, फीचर हाय!"

गावाने जो 'हर हर महादेव' केला, तो नांदुऱ्यापर्यंत गेला असावा. सर्वात मोठा आवाज माझ्या बाबांचा होता.

आता गाडी गोठ्यात आहे. कोंबड्या सनरूफवर बसतात. करिष्माने पोळ्याची रील टाकली, तिला सव्वादोन लाख लोकांनी पाहिलं. मी सगळ्या, म्हणजे अकराशे सत्तर, कमेंट वाचल्या. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, की पुढची गाडी कोणती. काय ताकद आहे, किती सुंदर आहे, सनरूफमधली ताई कोण. मागच्या गाडीबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नव्हतं.

नाही, एकाने विचारलं होतं. अगदी तळाशी. 'मागची विकणे आहे का?' मी लगेच त्याचं प्रोफाइल उघडलं. मलकापूरचा भंगारवाला.

त्याच्याखाली करिष्माचं उत्तर होतं : 'शेषकाकांशी बोलणं झालंय. येताना बदल्यात द्यायला पिकअप घेऊन या, त्यांना तीच हवी आहे.'

मी रागाने तिथे काहीतरी जळजळीत लिहायला गेले आणि माझं बोट चुकून लाइकवर पडलं. लगेच काढलं. पण करिष्माने तोवर मला एक हृदय पाठवलं होतं.