बिबट्याचा झ्यूस आन् सशाची मेडूसा

एका जंगलात बिबट्या आन् ससा एकाच दगडावर समोरासमोर बसून खेळत व्हते. मागं कोन हसलं रं? गप ऐका. हसायचं कुटं ते कळंल पुढं.

दगड वढ्याच्या काठाला व्हता. खाटंएवढा, वरनं सपाट. शेरातली पोरं एकदा तितं सहलीला आली आन् आग्या मोहळाच्या बरोब्बर खाली चूल पेटवली. शिकल्याली पोरं, त्येंना कोन सांगनार? माशा उठल्या तशी पळाली. चपलाबी न्यायला माघारी आली न्हाईत. त्येंचा एक खोका तेवढा दगडावर ऱ्हायला.

खोक्यात बाहुल्या व्हत्या. अंगठ्याएवढ्या, पर काय रंगवल्याल्या! डोळ्यातली बुबळंसुदिक काढल्याली. संगं फासे, मोजायची फीत आन् नियमांचं एक पुस्तक. पुस्तकाची मागची पानं लगोलग वाळवीनं खाल्ली.

जंगलात वाचता येत व्हतं एकट्या नारबा कोल्ह्याला. तेबी अक्षराला अक्षर लावून. त्येनं समद्यांला गोळा केलं.

"ह्यो लढाईचा खेळ हाय," नारबा म्हनला. "समुद्रापल्याड ग्रीस म्हनून मुलुख हाय. तितल्या जुन्या देवांची आन् राक्षसांची लढाई. ह्यो दाढीवाला झ्यूस. देवांचा राजा. हातात वीज हाय, लांबनं फेकून मारतो. ही मेडूसा. हिच्या डोक्यावर केसाच्या जागी सापं. हिची नजर ज्येच्यावर पडली त्यो दगूड झाला म्हनून समजा. आन् ह्यो मिनोटॉर. धड मानसाचं, मुंडकं बैलाचं."

"काय?" मागनं गवा उठला. "बैलाचं मुंडकं? कुनी केली ही चेष्टा? आमच्या समाजाच्या भावना दुखावल्या!"

झालं. गव्यांनी पान्याची वाट अर्धा दिस अडवून धरली. शेवटाला मिनोटॉरला रानफुलांचा हार घातला आन् गव्याला खेळाचा मानद अध्यक्ष केला, तवा कुटं भावना बऱ्या झाल्या. खेळ कशाचा हाय ते त्येनं आजपतुर इचारलं न्हाई.

पर खेळाचं याड लागलं ते बापूसाहेब बिबट्याला.

आता ह्यो बापूसाहेब कोन? ज्येनं उभ्या जन्मात दुसऱ्याची शिकार वढून नेताना 'कुनाची हाय' म्हनून इचारलं न्हाई. कोळसुंद्यांचं सांबर नेलं, तरसाचं हाडूक नेलं, गावातली शेरडं तर किती नेली. पर खेळाला बसला की असा कायद्याचा, की कोर्टानं लाजावं. बाहुली पुढं सरकवली की दोनदा फीत लावायचा. समोरच्याची बाहुली केसभर पुढं गेली की म्हनायचा, "अर्ध्या बोटाचा प्रश्न न्हाई. तत्त्वाचा प्रश्न हाय."

समदी जनावरं त्येच्याशी हरायची. रानडुक्कर हरलं. साळिंदर हरलं. अस्वल तर बाहुल्या मांडायच्या आदीच हरलं. "काय खेळता बापूसाहेब!" म्हनायची आन् जीव घिऊन पळायची. त्या पंज्यासमोर बसून जिकंल कोन? मी तरी न्हाई जिकनार.

बापूसाहेबालाबी ते कळत व्हतं. आतल्या आत जळायचा. त्येला खरा गडी पायजे व्हता.

एक दिस सकाळच्या पारी त्येच्या पंज्यात येसबा ससा गावला. येसबा नवाच बाप झाल्याला. वढ्यापल्याड घानेरीच्या झुडपात बायकू हौसा आन् बारकी पिल्लं त्येची वाट बघत व्हती.

"मालक," येसबा म्हनला, "खानार तर हायसाच, खावा. पर आदी एक डाव हून जाऊ द्या. म्या लांबनं बघितलाय तुमचा खेळ. तुमाला हरवनारा कुनी न्हाई, कारन तुमाशी कुनी खेळतच न्हाई."

बिबट्यानं कान टवकारलं. "आन् तू खेळशील?"

"मला कशाचं भ्या? हरलो तरी पोटात, जिकलो तरी पोटात."

"हात लेका!" बापूसाहेब जाम खूश झाला. "कोन हाय रं तिकडं? नारबाला बलवा!"

नारबा पंच व्हता. बिबट्याचं उरल्यालं खाऊन त्यो जगायचा, म्हनून समद्यांनी त्येला निःपक्ष ठरवलं व्हतं. त्येनं पुस्तक उघडलं, घसा साफ केला.

"पैला नियम. ह्यो खेळ मैतरांनी खेळायचा. म्हंजे डाव मोडस्तवर तुमी दोघं मैतर. मैतराला खायाचं न्हाई. दगडावरनं ज्यो उठंल त्यो हरला. डाव मोडला की ज्यो त्यो आपापल्या कामाला मोकळा."

येसबाचं डोकं तितंच चाललं. डाव मोडस्तवर मैतर. आन् डाव मोडलाच न्हाई तर?

बिबट्यानं आपला म्होरक्या म्हनून झ्यूस घेतला. सशानं मेडूसा घेतली. ज्येचा म्होरक्या पडंल त्यो हरला, येवढाच खेळ. मदी डोंगूर म्हनून बेहड्याची फळं मांडली.

आन् मग त्या सशानं काय काय भांडनं काढली म्हनून सांगू!

फासा पडला की, "कलला, कलला! खाचंत पडला. पुन्यांदा टाका."

फीत लावली की, "पायापास्नं मोजायचं का पोटापास्नं? आदी ते ठरवा."

बिबट्या वीज फेकायला गेला की, "थांबा मालक. तुमच्या झ्यूसला माझी मेडूसा दिसती कुटं? मदी डोंगूर हाय."

"दिसती!"

"न्हाई दिसत. तुमच्या डोळ्यानं नगा बघू. बाहुलीच्या डोळ्यानं बघा."

मग बाहुलीच्या डोळ्यानं बघायला दोघंबी दगडावर पालथी. एक डोळा मिटून, गालाला गाल लावून. बिबट्याच्या मिशा सशाच्या कानात. माकडं हसून हसून फांदीवरनं खाली पडायची.

"तिच्या डोक्यावरल्या सापाचं शेपूट दिसतंय बघ," बिबट्या म्हनला.

"शेपूट म्हंजे मेडूसा व्हय? उद्या झुडपातनं तुमचं शेपूट दिसलं तर काय म्हनायचं, बिबट्या दिसला?"

"मग काय म्हनतोस तू?"

"म्या काय म्हनत न्हाई मालक, म्या पळतो. पर ते खेळाभायेरचं झालं."

नारबा पुस्तक चाळायचा. पान वाळवीनं खाल्ल्यालं. "ह्या मुद्द्यावर पुस्तक गप हाय," म्हनायचा. "तुमी दोघं चर्चा करा."

चर्चा! पळस फुलला, पळस गळला, चर्चा चालूच.

उठंल त्यो हरला, म्हनून बिबट्या उठंना. शिकारीला जाईना. बरगड्या वर आल्या, कातडं लोंबायला लागलं. ससा मातुर बसल्याजागी दगडाच्या फटीतलं गवात खायचा. आला तवा मूठभर व्हता, आता भोपळ्यागत झाला. बिबट्या त्येच्याकडं बघून लाळ गाळायचा. लाळ बाहुल्यांवर पडायची. मग स्वताच्याच शेपटीनं पुसायचा, रंग जाईल म्हनून.

येवढा मोठा शिकारी. समोर ताट वाढल्यालं. मदी फकस्त एक नियम. तरी पंजा उचलला न्हाई गड्यानं. असला खुळा जगात नसतो म्हनता? या आमच्या गावात, दावतो. एरवी बांध कोरत्यात आन् पत्त्याला बसली की एका पानासाठी आयशपथ घालत्यात.

एक दिस भर दुपारी बिबट्याचा डोळा लागला. मुंडकं दगडावर, जीभ भायेर. तशी घानेरीतनं हौसा आली आन् दगडाखालनं फुसफुसली.

"आवं! ऐकलं का!"

"काय हाय? पाळी माझी हाय आता."

"पाळी गेली खड्ड्यात! त्येच्याकडं बघा की जरा. उभं ऱ्हायाचीबी ताकद न्हाई त्येच्यात. पळा!"

येसबानं बघितलं. खरंच व्हतं. चार उड्या, की घर.

"आन् डाव?" त्यो म्हनला.

"कसला डाव?"

"उठंल त्यो हरला. नियम हाय."

"आवं, पोरं रोज इचारत्यात, बाबा कुटं हायत. काय सांगू? बाबा बाहुल्या खेळत्यात?"

"बाहुल्या न्हाईत त्या!" येसबा फनकारला. "सैन्य हाय ते. आन् हळू बोल. माझी मेडूसा झ्यूसच्या अंगाशी जाऊन भिडलीया. एक फासा नीट पडला की बापूसाहेबाचा झ्यूस दगूड. जमलंय कुनाला आजवर?"

हौसानं कपाळावर पाय मारून घेतला. "म्हंजे तुमी जिकनार? आन् जिकल्यावर काय हुईल, ठाव हाय न्हवं?"

येसबानं एकवार बिबट्याच्या दाताकडं बघितलं. मग हळूच म्हनला, "ठाव हाय गं. म्या काय खुळा न्हाई. मेडूसा माघारी घेतो, बास? अजून लई दिस वढतो बघ डाव. त्यो मरंल भुकंनं, मग येतो घरला."

आन् त्येनं खरंच मेडूसाला हात घातला. तितंच गोष्ट संपली असती, पोरांनो. पर पंच जागा व्हता. बिबट्या शिकारीला जाईना, म्हनून नारबाचंबी पोट पाठीला लागल्यालं.

"मेडूसा माघारी?" नारबा मोठ्यानं म्हनला, समद्या माकडांना ऐकू जाईल असा. "बरोबर हाय. शेवटी ससाच त्यो. हितवर आली तीबी फाशाच्या नशिबानं. खेळ कुटं येतो त्येला?"

माकडं खिदळली. बिबट्यानं एक डोळा उघडला.

"जाऊ दे नारबा," त्यो म्हनला. "चांगला खेळला त्यो. सशाच्या मानानं."

सशाच्या मानानं!

येसबाचं कान लालभडक झालं. पंज्यात धरला तवा त्येला येवढा राग आला न्हवता. उलटा टांगला असता तरी आला नसता.

"सशाच्या मानानं काय?" त्यो वरडला. "आँ? सशाच्या मानानं?"

"आवं नगा!" हौसा किंचाळली.

फासे दगडावर खडखडले. दोन्हीवर सहा. कलला न्हाई, खाचंत पडला न्हाई.

"मोजा!" येसबा म्हनला. बिबट्यानं फीत लावली. अंतर बरोब्बर.

"आता बघा!" दोघं पालथी झाली, गालाला गाल लावून, एक डोळा मिटून. मदी काडी न्हाई, खडा न्हाई. मेडूसा झ्यूसकडं सरळ बघत व्हती.

"दिसतंय," बिबट्या म्हनला. खोटं बोलला न्हाई. खेळात कवाच बोलायचा न्हाई.

नारबानं पाय वर केला. "झ्यूस दगूड झाला! येसबा जिकला! डाव मोडला!"

माकडांनी टाळ्या पिटल्या. कुनीतरी शिट्टी मारली. येसबा मागच्या पायावर उभा ऱ्हाऊन नाचला. जंगलात पैल्यांदाच सशानं बिबट्याला हरवलं व्हतं.

बिबट्याला काय उठवंना. पडल्या पडल्याच त्येनं पंजा पुढं केला. "मानलं तुला येसबा. ये, हात मिळव. रीत हाय."

"पळा आता तरी!" हौसा वरडत व्हती. "आवं, त्येला उठता येत न्हाई, पळा!"

पर जिकल्याल्या गड्याला बायकूचं ऐकू येतं व्हय? येसबा छाती फुगवून ऐटीत चालत गेला. जवळ. अजून जवळ. आन् आपला बारका हात बिबट्याच्या पंज्यात दिला.

बिबट्यानं त्यो दोनदा हलवला. रीतीपरमानं. मग सोडला न्हाई.

"नारबा," त्येनं इचारलं, "डाव मोडला न्हवं?"

"मोडला बापूसाहेब."

"लिहून घेतोस का तोंडी चालंल?"

"तोंडी चालंल," नारबा म्हनला.

दुसऱ्या दिशी त्याच दगडावर शोकसभा झाली. अध्यक्ष बापूसाहेब. आता उभं ऱ्हाता येत व्हतं त्येला. गहिवरून बोलला, "असा खिलाडू गडी पुन्यांदा व्हनार न्हाई. येसबा गेला असं कुनी म्हनू नगा. त्यो माझ्यात हाय." समदी रडली. हौसाला पळसाच्या पानाची शाल दिली. तिनं ती दातानं फाडली आन् म्हनली, "शाल नगं, नवरा द्या." पर तवर नारबा बोलायला उठला व्हता, म्हनून कुनाचं ध्यान गेलं न्हाई.

नारबानं जाहीर केलं, दरसाल कैलासवासी येसबा स्मृती चषक खेळवायचा. नियम तेच, दगूड तोच, समोर बापूसाहेबच. ज्येला खेळायचं त्येनं पुढं यावं.

पैल्यांदा पुढं आला येसबाचा सख्खा धाकटा भाऊ. म्हनला, "दादाचं नाव राखायचं हाय."

तात्पर्य : नियमानं वागनाऱ्याचं कवाच वाईट व्हत न्हाई. बिबट्यानं एक नियम मोडला न्हाई, त्येचं पोट भरलं. पंचानं नियम सांगितला, त्येला सशाचं कान मिळालं. सशानंबी शेवटापतुर नियम पाळला, तर त्येच्या नावाचा चषक निघाला. नियम मोडून पळा म्हननारी त्या जंगलात एकटी हौसा व्हती, आन् बघा, नवरा गेला त्यो तिचाच.