विमलकाकू बांधणी ओळखतात

नंदनवनातल्या आमच्या विमलकाकू माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, बांधणीवरून ओळखतात. नागपूरच्या उन्हात स्कूटीवरची प्रत्येक पोरगी डोळे तेवढे उघडे ठेवून तोंड बांधते. कोण कुठल्या धर्माची, ते सख्ख्या भावालाही कळू नये. काकू मात्र फाटकाबाहेरच्या आपल्या पाणपोईवर बसून छातीठोकपणे सांगतात, "पिना लावलेली थे नसरीन. मांगं गाठ मारली थे पल्लवी."

एकदा त्यांनी अशाच एका दुपट्टेवालीला थांबवलं. "ये वं बाई, गाठ ढिली झाली तुही." गाठ सुटली आणि आतून झुपकेदार मिशा निघाल्या. काकू ढिम्म. "बांधणी बाईचीच हाये. बायकोनं बांधून देल्ली असन." त्या गृहस्थाने लाजून मान डोलावली!

काकू नरखेडकडच्या. फोनवर बोलतानाही डोक्यावरचा पदर ढळत नाही. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर दिसल्या की त्यांच्या डोक्यावरच्या कापडाला इस्त्री कोण करतं, याची चौकशी होते. विहारात निघालेल्या मेश्रामबाईंच्या पांढऱ्या साडीच्या निऱ्या भर रस्त्यात नीट करून दिल्या जातात. वर तत्त्वज्ञान असतंच: "झाकनं सगळ्याईलेच हाये. कोनाचं देवासाठी, कोनाचं सासऱ्यासाठी, कोनाचं उन्हासाठी."

फाटकाच्या आत गेल्या की मात्र या बाईंचा आवाज ऐकू येत नाही. त्यांच्या माधुरीने मुसलमान मुलाशी लग्न केलं, तेव्हा काकांनी तिला घराची पायरी बंद केली. पोरगी याच शहरात, दुसऱ्या टोकाला राहते. पाणपोई त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुरू झाली. पुण्याचं काम म्हणून मीही कौतुक केलं होतं.

परवा मी काकूंजवळ बसले होते. एक स्कूटी थांबली. काकूंनी पाण्याचा गडवा पुढे केला. पोरगी स्कार्फ न सोडता, खालून जरासा उचलून पाणी प्यायली. खूप वेळ प्यायली. एकीलाही टोमणा मारल्याशिवाय न सोडणाऱ्या काकू नुसत्या बघत होत्या.

"सावकाश जाय वं," एवढंच म्हणाल्या. स्कूटी वळून गेली.

"कोण होती?" मी विचारलं.

"माधुरी." काकूंनी पदराने डोळे पुसले. "पिना आता तिच्या सासूसारख्या लावते. पन कापडाची शेव कानामांगं खोचते ना, थे म्या शिकवलं होतं, शाळेत जाये तवा."

"मग हाक नाही मारली, काकू?"

"हाक मारली का घरात ये म्हना लागते वं. थे कसं म्हनू?"

काकूंनी रांजणावर झाकण ठेवलं. वर आभाळ थोडं दाटून आलं होतं. सगळं नागपूर ज्यांची वाट बघत होतं, त्या ढगांकडे काकू रागानं पाहत राहिल्या.

"मिरग लागला का पानपोई उठवा लागन," त्या म्हणाल्या. "मंग कोन्या निमित्तानं थांबन वं थे?"