पावणेदोन लाख चेहरे आणि एक फीत

"आमच्या जाहिरातीत लिही, विनया. वसई-विरार पट्ट्यात गुप्तहेर पुष्कळ असतील, पण संगणकाच्या पोटात शिरून गुन्हेगाराला बखोटीला धरून बाहेर काढणारा एकच. बुद्धी तल्लख, नजर घारीची, स्वभाव नम्र. 'नम्र' जरा मोठ्या अक्षरांत."

विनयाने लिहिलं. चंदनसारमधल्या त्या संगणकदुरुस्तीच्या गाळ्यात ती सहा वर्षं जितेंद्र चुरींच्या हाताखाली होती. ती स्क्रू काढायची, जितेंद्रराव निष्कर्ष.

तेवढ्यात वसईहून फ्रेडरिक यांचा फोन आला. साल २००३. त्यांच्या फोटो स्टुडिओतल्या सर्व्हरवर पावणेदोन लाख पासपोर्ट फोटो साठले होते, प्रत्येकाची वेगळी, चिमुकली फाइल. रोज संध्याकाळी ते सगळे सुरक्षित प्रत म्हणून टेपवर उतरवायला घ्यायचे आणि सकाळी दुकान उघडलं तरी निम्मेसुद्धा उतरलेले नसायचे. गिऱ्हाईक खोळंबायचं, मग टेप बंद. आता तर सर्व्हरची डिस्क कण्हायला लागली होती. नवी शनिवारी यायची होती.

"त्याआधी डिस्क गेली तर माणसं परत फोटोला बसतील हो," फ्रेडरिक म्हणाले. "पण त्यातली कितीतरी आता राहिली नाहीत. त्यांची मुलं तोच फोटो मोठा करून मागायला येतात. त्यांना काय सांगू?"

विनयाने लगेच स्टुडिओचा पत्ता लिहून घेतला. जितेंद्ररावांनी मात्र चष्मा पुसला. "कामात एवढी दिरंगाई, आणि तीही फितीवर! ही शुद्ध लालफीतशाही आहे."

बुधवारी त्यांनी खारी हवा दोषी ठरवली. टेप दमट होऊन चिकटत असणार, म्हणून विनयाला तीन तास केस सुकवायचं यंत्र धरून उभं केलं. टेप होती तशीच राहिली. विनयाचे केस मात्र सुंदर दिसू लागले.

गुरुवारी घातपाताचा संशय आला. सर्व्हरभोवती रांगोळी पसरली गेली. तासाभराने तीत पावलं उमटली.

"नऊ नंबरची चप्पल, डावा पाय फेंगडा," जितेंद्रराव कुजबुजले. "निर्ढावलेला माणूस दिसतो."

"सर, ती तुमची पावलं आहेत."

"म्हणजे माझी चप्पल चोरून आला होता!"

शुक्रवारी सकाळी टेप बंद करायची नाही असं ठरलं. बाकावर पाचूबंदरच्या कोळीण भागूबाई फोटोसाठी ताटकळत बसल्या होत्या. टेपच्या यंत्राकडे बघून त्या कंटाळल्या.

"ह्ये काय चाललंय? जरा पुढं जातंय, थांबतंय, मागं येतंय, पुन्हा पुढं."

"बाई, तपास चालू आहे," जितेंद्रराव म्हणाले.

विनया मात्र जवळ गेली. "एकेक फोटो उघडायचा, टेपवर लिहायचा, मिटायचा. पुढचा मिळेपर्यंत टेप थांबते."

"एकेक?" भागूबाई हसल्या. "आमी जवला, ती बारीक कोलंबी, काय एकेक उचलून टेम्पोत टाकतो? किनाऱ्यावर टोपल्या भरायच्या, मग टोपल्या चढवायच्या. टेम्पो कोन उभा ठेवील?"

विनयाने लगेच टेप थांबवली आणि प्रत्येक वर्षाचे फोटो एकेका मोठ्या फाइलीत बांधायला घेतले. त्यात संध्याकाळचे पाच वाजले. मधे दोनदा डिस्क कण्हली, दोन्ही वेळा फ्रेडरिकनी छातीवर क्रुसाची खूण केली. मग टेप सुरू झाली ती एकदाही न अडखळता, दीड तासात संपली. जुन्या वर्षांच्या फायली आता बदलणार नव्हत्या; रोज फक्त नव्या फोटोंची एक टोपली टेपवर चढवायची.

शनिवारी बंद केलेली जुनी डिस्क पुन्हा उठलीच नाही. टेपवरून सगळे चेहरे नव्या डिस्कवर उतरले, तेव्हा फ्रेडरिकनी विनयाचे दोन्ही हात घट्ट धरले.

"केस सोडवणाऱ्याचा मोठा फोटो दुकानाच्या काचेत लावणार," ते म्हणाले.

"माझा डावा गाल जास्त विचारी दिसतो," जितेंद्ररावांनी सुचवलं.

सोमवारी काचेत भागूबाई झळकल्या, तोंडभर हसत. कडेला कोणाचंतरी अर्धं कोपर आलं होतं.

"ते कोपर माझं," रस्त्याने जाणाऱ्या दोघांना थांबवून जितेंद्ररावांनी सांगितलं.