बारा तास कोरडे

पाकिटावर ‘बारा तासांपर्यंत कोरडे’ असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं, आणि छापील मजकुरावर विश्वास ठेवायची मला सोळा वर्षांची सवय आहे. मी आमच्या वसाहतीच्या देखभाल कार्यालयात तक्रार खिडकीवर बसतो. माझं खातं ओल आणि गळती. लोक येतात, भिंत ओली झाली म्हणतात, मी नोंदवहीत लिहून घेतो आणि पोचपावती फाडून देतो. (भिंत त्यानंतरही ओलीच राहते, पण आता ती नोंदवलेली ओल असते.) तर मंगळवारी सकाळी मी ते पाकीट नीट वाचलं. बायको साडेआठला जाणार, साडेसहाला परत येणार, म्हणजे झाले दहा तास. डायपर बारा तासांचा. म्हणजे मध्ये एकदाही बदलायचा मला काही अधिकार नव्हता!

ही वेळ का आली ते सांगतो. बायको पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. ठमी झाल्यापासून सात महिने ती रजेवर होती. (ठमी हे आमच्या मुलीचं घरातलं नाव. खरं नाव एवढं लांब आहे, की तिला स्वतःला ते यायला अजून दोन वर्षं लागतील.) पाळणाघरात जागा मिळायला महिना होता. तेवढा महिना मी रजा टाकून घर सांभाळायचं असं ठरत होतं, पण बायकोचं मन होईना. शेवटी तिच्या मॅडम म्हणाल्या, “चार दिवस येऊन बघ. जमतंय का ते शुक्रवारी सांग. नाहीतर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल.”

“तुला जमेल?” बायकोनं मला विचारलं.

“अगं, सोळा वर्षं अख्ख्या वसाहतीची ओल सांभाळतोय. ही दीड फुटाची पोर ती काय!”

ती हसली नाही. त्या नोकरीवर तिचा फार जीव आहे. काचेच्या नळीत पाणी धरून उजेडात बघते तेव्हा तिचा चेहरा कसा होतो ते मी लग्नाआधी पाहिलंय. खरं तर त्याच चेहऱ्यापायी मी लग्नाला हो म्हटलं. तेव्हा हे चार दिवस बिघडू द्यायचे नाहीत, असं मी मनाशी घट्ट ठरवलं होतं.

मंगळवार झकास गेला. संध्याकाळी बायको दारातूनच म्हणाली, “कसा गेला दिवस?”

“कोरडा!” मी म्हणालो.

बुधवारी दुपारी ठमी कुरकुरायला लागली. भरवलं, खुळखुळा वाजवला, खिडकीतून कावळा दाखवला, तरी चालूच. शेवटी नियम मोडून मी डायपर उघडला. आत सगळं लाल. मांड्यांच्या घड्यांपाशी तर बारीक पुरळ. मी झटकन डायपर परत बंद केला. (कार्यालयात एखादी अवघड फाईल उघडली की मी हेच करतो.)

मग पुन्हा उघडला. पुरळ होतंच.

आता शहाण्या माणसानं बायकोला फोन केला असता. मी विचार केला : फोन केला की ती धावत येणार, धावत आली की नोकरीला नाही म्हणणार. त्यापेक्षा उद्यापर्यंत आपणच बरं करू. मी ठमीला न्हाणीघरात नेलं, चांगलं धुतलं, दांड्यावरचा टॉवेल ओढला आणि गुंडाळली. (तो टॉवेलचा दांडा मी स्वतः भिंतीत बसवलाय. घरातलं माझ्या हातचं एकमेव बांधकाम. किंचित तिरका आहे, पण तीन वर्षं जागचा हललेला नाही.) मग वासाच्या ओल्या पुसण्यांनी पुन्हा एकदा पुसलं, वर पांढरं मलम थापलं आणि बाहेर काही गळू नये म्हणून डायपर आवळून बांधला.

त्या संध्याकाळी बायको हात धुऊन ठमीकडे वळली, की मी मध्ये.

“आत्ताच बदललाय!”

“बरं, मग जरा मोकळी सोडते तिला.”

“नको, सर्दी होईल!”

“एवढ्या उकाड्यात?”

“उकाड्यातली सर्दी वाईट,” मी म्हणालो. बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. त्या रात्रीचे दोन्ही डायपर मीच धावत जाऊन बदलले. तिला वाटलं, माझ्यातला बाप जागा झालाय.

गुरुवारी सकाळी लाली दुप्पट. मी आणखी एक थर दिला. अकरा वाजता आणखी एक. साडेअकराला ठमीनं असा टाहो फोडला की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती माझ्याकडेच बघत होती. आपल्या हातून लेकराला त्रास होतोय हे कळत होतं, आणि नेमकं काय चुकतंय ते काही केल्या कळत नव्हतं. तिला खांद्यावर टाकलं आणि खाली धावलो.

खाली, म्हणजे बरोबर आमच्या खालच्या घरात, काकू राहतात. तीस वर्षं लहान मुलांच्या दवाखान्यात परिचारिका होत्या, आता निवृत्त. इतकी अनुभवी बाई पायाखाली असताना मी आधी का गेलो नाही? त्याला कारण होतं. तक्रार क्रमांक चारशे सतरा. काकूंच्या झोपायच्या खोलीची भिंत तीन वर्षं ओली होती, आणि तीन वर्षं त्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्या खिडकीवर येत होत्या.

काकूंनी दार उघडलं. चष्मा नाकावर सरकवून आधी मला, मग ठमीला पाहिलं.

“काय तक्रार आहे?”

“काकू, हिला पुरळ उठलंय, लाल झालंय, कालपासून...”

“कालपासूनच ना? मग फार जुनी नाही,” काकू म्हणाल्या. “अर्ज आणलाय?”

“काकू!”

“तक्रार नोंदवून घेतली आहे. पाहणीला माणूस येईल. पहिल्या सोमवारी चौकशी करा.”

हे शब्द माझे होते. सूरसुद्धा माझाच. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी ते खिडकीच्या या बाजूनं ऐकले, आणि लोक माझ्यावर पेपरवेट का फेकत नाहीत याचं नवल वाटलं. पण काकू बोलताना हात पुढे करत होत्याच. ठमीला घेऊन त्यांनी गादीवर जुनी चादर अंथरली आणि डायपर सोडला.

“अगं बाई! हे काय, गिलावा केलाय?”

“मलम आहे. तीन थर दिलेत.”

“पुसून कोरडं केलं होतंत?”

“धुऊन लगेच लावलं. म्हटलं, वेळ घालवायला नको.”

काकूंनी चष्मा काढला. “तीन वर्षांपूर्वी मी भिंतीला रंग देऊ का म्हणून विचारायला आले, तेव्हा तुम्ही मला काय सांगितलं होतंत?”

मी ठमीखालची चादर नीट करू लागलो.

“सांगा, सांगा. तोंडपाठ असेल.”

“आधी ओल कुठून येते ते शोधा,” मी चाचरत म्हणालो. “मग भिंत पूर्ण वाळू द्या. ओल्या भिंतीवर रंग मारू नका, ओल आत कोंडते.”

“आणि लेकराला मात्र ओल्यावरच मारलात रंग!”

मी मान खाली घातली. जे वाक्य मी दिवसातून दहा वेळा लोकांच्या तोंडावर फेकतो, ते मला माझ्या घरात एकदाही आठवलं नव्हतं.

काकूंनी मग कोमट पाण्यात कापूस भिजवून सगळा गिलावा हलक्या हातानं उतरवला. मऊ फडक्यानं टिपून घेतलं, घासलं नाही. “आता असंच राहू दे. वारा लागू दे,” म्हणाल्या. “वासाच्या पुसण्या बंद. पावडर नको. किती वेळानं बदलत होतात?”

“पाकिटावर बारा तास लिहिलंय...”

“ते पाकीट बारा तास तुम्ही बांधून बसा, मग सांगा. दोन-तीन तासांनी बदलायचं. शी केली की तिथल्या तिथे. पूर्ण वाळलं की मगच मलम, आणि डायपर सैल, दोन बोटं जातील एवढा. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, पाण्याचे फोड आले किंवा ताप आला, तर सरळ डॉक्टर गाठायचा. कळलं?”

मी खिशातून पेन काढून तळहातावर लिहून घेत होतो. एवढ्यात मोकळ्या वाऱ्यानं खूश झालेल्या ठमीनं पाय वर केले आणि बरोबर माझ्या तळहातावर धार सोडली. सगळा मजकूर वाहून गेला. काकूंनी पुन्हा सांगितला.

निघताना म्हणाल्या, “हे सगळं आज बायकोला सांगायचं.”

“काकू, बरं झाल्यावर सांगतो. उद्या तिला मॅडमना उत्तर द्यायचंय. आज कळलं तर नोकरी सोडेल हो ती.”

“लपवलेली ओल वाढते. हेही तुमच्याच कार्यालयात भिंतीवर लिहिलंय. जिन्याजवळ.”

संध्याकाळी बायको आली. मी सगळं सांगितलं. बारा तास, उकाड्यातली सर्दी, तीन थर, सगळं. तिनं ठमीला उचललं, फडकं सोडून पाहिलं आणि तशीच बसून राहिली. डोळे भरून आले होते.

“मी उद्या मॅडमना ‘नाही जमत’ म्हणून सांगते,” ती म्हणाली.

“उद्या सकाळपर्यंत थांब. हवं तर मला रजेवरून काढून टाक, पण तू जा.”

“रजेवरून कसं काढतात रे?” ती म्हणाली. पण हसली नाही.

त्या रात्री मी दर दोन तासांनी पाटी-पेन्सिल घेतल्यासारखा हजर राहिलो. धुतलं, टिपलं, वाळू दिलं. ठमीनं दोन चादरी, एक उशी आणि माझा सदरा भिजवला, पण शांत झोपली. शुक्रवारी सकाळी लाली बरीच उतरली होती. बायकोनं उजेडात धरून, प्रयोगशाळेत धरते तसं, नीट पाहिलं. आणि पर्स उचलली.

“उतरलं म्हणून नाही जात मी,” दारात वळून म्हणाली. “तू सांगितलंस म्हणून जातेय. मला वाटलं होतं, असलं काही झालं तर तू शेवटपर्यंत लपवशील.”

“मी?” मी म्हणालो. (मधल्या दीड दिवसाचा विषय पुन्हा काढण्यात अर्थ नव्हता.)

संध्याकाळी ती हो सांगून आली. मला इतका आनंद झाला की शनिवारी, सुट्टी असून, मी कार्यालयातून नोंदवही आणली आणि नळकारागिराला घेऊन काकूंकडे तक्रार क्रमांक चारशे सतराच्या पाहणीला गेलो. ठमीला कडेवर घेऊन बायकोही आली. उपकाराची फेड बघायला साक्षीदार हवेतच की.

कारागिरानं भिंत ठोकली, कान लावला, वर पाहिलं. “साहेब, ओल वरून येतेय. भिंतीत काही ठोकताना कुणीतरी पाइपात भोक पाडलेलं दिसतंय. भोवती लिंपलं असेल, पण ओल्यावरच.”

मी ऐटीत पेनाचं टोपण काढलं. “वर कोण राहतं?”

कारागीर माझ्याकडे बघत होता. काकू माझ्याकडे बघत होत्या. कडेवरची ठमीसुद्धा.

पाच मिनिटांनी आमच्या न्हाणीघरात कारागिरानं माझा दांडा भिंतीतून उपसला आणि पाठोपाठ पाण्याची बारीक पिचकारी माझ्या चष्म्यावर आली. पाइप बदलायचा तर सामान सोमवारीच मिळणार होतं. तोवर काय करायचं ते विचारायला मी वळलो, तर बायको ते पाकीट घेऊन दारात उभी होती. आतला एक डायपर तिनं माझ्या हातात ठेवला.

“बांध भोकाला,” ती म्हणाली. “बारा तासांची काळजी मिटली.”