मीनाची मधपेटी आणि माझं सर्टिफिकेट

तीस वर्षं शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस मी. मला कुणी धूर करायला शिकवायचं? हसू नका, मलाही आता हसू येत नाही!

मधमाश्या पाळायचं वेड खरं तर माझ्या बायकोचं, मीनाचं. अपघातानंतर ती कुबड्यांवर चालते. घरबसल्या स्वतःचं काहीतरी करायचं, एवढाच तिचा ध्यास. खुर्चीवरून हात पोचेल असं बुटकं स्टँडही तिनं सुताराकडून करून घेतलं होतं. पण प्रशिक्षणाचा वर्ग निघाला दुसऱ्या मजल्यावर, आणि जिन्याला कठडाच नाही!

"मी जाऊन येतो. घरी येऊन सगळं सांगतो की!"

"झोपशीला तितं."

"मी? काय बोलतीस!"

झोपलो. दुपारी झुणका-भाकरी पोटभर वाढली, त्याला मी काय करणार! नेमका तेव्हाच वर्ग घेणाऱ्या बाळासो सरांनी माश्या शांत करायचा धुराचा भाता शिकवला. सर्टिफिकेट मात्र माझ्या नावानं मिळालं.

पेटी आली, सातेरी जातीच्या माश्या रुळल्या. महिन्याभरानं पेटी पहिल्यांदा उघडायचं ठरलं. तोंडावर जाळी ओढून मीना खुर्चीत बसली.

"भात्यात काय घालाय सांगितलंय सरांनी?"

"धूर निघंल ते!" मी ठोकून दिलं. फाउंड्रीतून आणलेल्या, मशिनी पुसून तेलकट झालेल्या चिंध्या घरात होत्याच. त्या कोंबल्या. काय धूर निघाला! काळाकुट्ट!

"अवो, मोबाईलवर वाळल्या शेणीचा धूर दावत्यात. ह्यो वास कसला? दाबू नगा!"

"सर्टिफिकेट कुणाकडं हाय?" मी भाता दाबतच राहिलो. गुणगुण हळूहळू कमी झाली. "बघ, शांत झाल्या का न्हाय!"

झाल्या. कायमच्या.

एकेक चौकट उचलून मीनानं राणीमाशी शोधली आणि तळहातावर घेतली.

"माझं मला शिकू द्याचं हुतं," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण केंद्राला फोन लावला. म्हटलं, पुढच्या वर्गाला मीनाचं नाव घाला, मी तिला पाठीवर घेऊन जिना चढतो!

"एका घरातनं एकालाच घेतोय, पावणं," पलीकडून आवाज आला. "तुमचं झालंय की! आता तुमीच शिकवा त्यास्नी!"

मीना दारातून माझ्याकडे बघत होती. "काय म्हणालं?"

"लाईन लागंना," मी म्हटलं.