गळकी बोट आणि होणारे व्याही

साहेबांच्या फायबरच्या बोटीत घोट्याएवढं पाणी साचलं होतं, आणि रविवारी त्याच बोटीतून होणाऱ्या व्याह्यांना तलावात फिरवून आणायचं त्यांनी फोनवर कबूल केलं होतं. मुलीचं लग्न ठरल्यात जमा होतं. पण दोन्ही बाप समोरासमोर आले की माना ताठ व्हायच्या आणि बोलणी अडायची. पाण्यावर गेले की जरा मोकळे होतील, म्हणून ही सहल साहेबांच्या बायकोनंच काढली होती.

"कारागीर बोलवा एखादा," ती म्हणाली.

"पाणीपुरवठा खात्यात अख्खी नोकरी गळती शोधण्यात घालवली मी. मी कारागीर बोलवू?"

"सापडली होती का एखादी?"

साहेबांनी या प्रश्नाला खात्यात असताना देत तसंच उत्तर दिलं, म्हणजे विषय बदलला.

बोट ट्रेलरवर चढवून अंगणात आणली गेली. मदतीला मेव्हणा होता. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: पाणी जिथून आत येतं, तिथूनच ते बाहेर पडणार. म्हणून नळी लावून बोट काठोकाठ भरली आणि दोघे बॅटऱ्या घेऊन तिच्याखाली आडवे झाले. एक थेंब गळेना. हौदातसुद्धा पाणी इतकं इमानानं राहत नाही. तेवढ्यात डोक्याला साबण लावलेली बायको खिडकीत आली.

"नळाचं पाणी गेलं."

"पुरवठा तात्पुरता विस्कळीत आहे," साहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. पुढचे दोन दिवस ती त्यांच्याशी फक्त मेव्हण्यामार्फत बोलली.

मग दुसरा उपाय. बोट रिकामी केली, वरून ताडपत्रीनं गच्च बांधली, आत पंपानं हवा भरली आणि बाहेरून साबणाचं पाणी लावलं. जिथे फट, तिथे बुडबुडा. बुडबुडे प्रत्येक स्क्रूभोवती आले, कठड्याच्या जोडावर आले, दिव्याच्या भोकातून आले.

"भावजी, ही बोट आहे की चाळण?" मेव्हणा म्हणाला.

साहेबांची कळी खुलली. खात्यात एवढे दोष एकाच पाहणीत कधी निघाले नव्हते. त्यांनी दिसेल त्या फटीत राळ आणि सीलंट भरलं. त्या भरात वल्ह्यांच्या कप्प्याचं झाकणही कायमचं बंद झालं आणि आत मेव्हण्याचा जेवणाचा डबा राहिला.

रविवारी होणारे व्याही सपत्नीक आले. धक्क्यावर बोट पाहून ते जागीच थबकले.

"कुठून घेतलीत ही?"

"एका दलालाकडून. एकाच मालकानं वापरलेली आहे."

"अस्सं," म्हणून ते आत उतरले आणि थेट मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसले.

मेव्हण्यानं इंजिन सुरू करून बोट तलावाच्या मध्यावर नेली. पुढे दोघी विहिणींच्या गप्पा रंगल्या. साहेबांनी पाहुण्यांना पुढे बोलावून पाहिलं, सुकाणू हातात द्यायची तयारी दाखवली. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "मी इथेच बरा." साहेबांच्या मनात आलं, काय हा ताठा. मुलाचा बाप झाला म्हणून काय उठायचंसुद्धा नाही?

"अहो, फोटो काढते, दोघं उभे राहा," विहीणबाईंनी फर्मावलं.

"बसूनच काढ."

साहेबांनी चिडून, पण हसऱ्या चेहऱ्यानं, त्यांना हाताला धरून उठवलं. व्याह्यांची टाच उचलली गेली तशी बोटीच्या तळाला अंथरलेली सतरंजी तिथे फुगली आणि तिच्यातून पाणी वर आलं. व्याही घाईनं खाली बसले आणि त्यांनी पाय परत तिथेच रोवला. त्यांचा बूट आतबाहेर चिंब होता.

"ही बोट आमची होती," ते पुटपुटले. "तडा इथे आहे. ट्रेलरवर ठेवली की नेमका हाच भाग आधारावर टेकतो आणि तडा मिटतो. म्हणून जमिनीवर काही सापडत नाही. पाण्यात वेग घेतला की उघडतो."

"मग विकताना सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर विकली गेली असती?"

साहेबांना आता मनसोक्त रागवायचं होतं. पण दुसराच प्रश्न तोंडातून निघाला.

"माहीत होतं, तर बसलात कशाला?"

"नाही म्हणालो असतो तर तुम्ही कारण विचारलं असतं. आणि कारण कळल्यावर मुलगी दिली असतीत?" व्याह्यांनी टाच आणखी दाबली. "आता तडा वाढलाय. माझ्या एकट्याच्या पायानं भागत नाही."

साहेबांनी क्षणभर पुढे पाहिलं. मुलीची आई बऱ्याच दिवसांनी मनापासून हसत होती. त्यांनी मेव्हण्याला काठाकडे वळायची खूण केली, निमूटपणे बूट काढला आणि व्याह्यांना खेटून बसत त्यांच्या टाचेशेजारी आपली टाच रोवली.

विहीणबाईंनी साहेबांच्या बायकोला कोपरानं ढोसलं. "आमचे हे कुणाला इतके चिकटून बसलेले मी आजवर पाहिले नाहीत."

"आमचेही," ती म्हणाली आणि तिनं संधी साधून मागे हाक दिली, "मग लग्नाची तारीख आत्ताच ठरवून टाकायची का?"

"तुम्ही म्हणाल ती," दोघेही एकदम म्हणाले, पाय जराही न हलवता.