जिन्याच्या फाटकाची कडी आणि दोन अँगलांचा तह

वरच्या मजल्यावरील दौलतीत जो रणसंग्राम माजला, त्याची हकीकत जशी घडली तशी येथे नमूद केली असे. चिरंजीव बाळराजे रांगू लागले आणि त्यांची नजर थेट जिन्यावर गेली. जिना उघडा, पायऱ्या दगडी, आणि स्वारीस भय ठाऊक नाही. मातोश्रींची झोप उडाली, मग हुजुरांत अर्ज गुजरला की पत्र्याचे बुटके फाटक त्वरित व्हावे, कडी पलीकडे जिन्याच्या अंगास असावी, बाळहस्तास लागू नये.

तीर्थरूप इंजिनिअर, पदवीबहाद्दर, यांनी नकाशा जातीने रेखाटला. समोरचे दृश्य, आणि त्याच्या उजवीस उजव्या बाजूचे दृश्य, म्हणजे नकाशाची थर्ड अँगल नामक रीत. परंतु अँगल कोणता ही खूण कोपऱ्यात काढणे त्यांस शानेस उणे वाटले, आणि पत्र्याआडची कडी समोरच्या दृश्यात तुटक रेषांनी दाखवावयाची, ती आळसाने अखंड रेषांनीच उरकली. "कुणालाही कळेल गं!" ऐसे फर्मावून स्वारी जेवावयास बसली.

वेल्डर पडले फर्स्ट अँगल या दुसऱ्या रीतीचे कट्टर. त्यांच्या दफ्तरी उजवीस काढलेले दृश्य डाव्या बाजूचे, सबब मागची कडी बिनतक्रार पुढे, बाळराजांच्या अंगास, आली. फाटक मोठ्या इतमामाने बसले. मग बाळराजे चालून आले, कडी न्याहाळिली, उघडिली, आणि पहिल्या पायरीवर हात टेकला, तोच मातोश्रींनी झडप घालून तंगडी धरून मागे ओढिले.

तेव्हा दरबार भरला. इंजिनिअर वदले, नकाशा बिनचूक. वेल्डर म्हणाले, "साहेब, कागदावर होतं तेच केलंय." दोघेही बरोबर आणि बाळ जिन्यात, ऐसा बाका प्रसंग. फाटक उलटे फिरवावे, तर बिजागऱ्या भिंत सोडून कठड्याकडे जाव्या. मसलत थकली आणि उभय सरदारांनी चहा मागविला.

चहा मिळाला नाही. मातोश्रींनी डायपरचे दोन रिकामे खोके आणिले, बाजूंवर नावे घातली. एक कडांवर कापून उलगडिला, तो उजवी बाजू उजवीकडेच पडली. दुसरा, समोरची बाजू वर करून, उजवीकडे कलंडविला, तो डावी बाजू वर आली. मग हुकूम सुटला तो ऐसा:

"अहो, तुम्ही नकाशात खोका उलगडलात, यांनी तोच कलंडवला. थर्ड आणि फर्स्ट. आणि कुणी कुणाला विचारलं नाही!"

वेल्डर खाली पाहून हसले, "वहिनी, हे आधी सांगायचं ना." इंजिनिअर म्हणाले, "मला तेच म्हणायचं होतं."

तह ठरला. नकाशावर अँगल सांगणारी छाटलेल्या शंकूची खूण चढली, तुटक रेषा उमटल्या, कडी कापून पलीकडे जोडली गेली. इंजिनिअरांनी मित्रमंडळींस खलिते धाडिले की फाटकाचे डिझाइन आपण सुधारिले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. बाळराजे पुनश्च चालून आले, साऱ्या पत्र्यावर हात फिरविला, कडी गवसेना, तेव्हा त्यांनी सारे घर डोक्यावर घेतिले. तो आक्रोश कानी पडत असता मातोश्रींनी जिन्याकडे पाठ केली आणि निवांत केस विंचरिले. हे खरे, म्हणोन नोंदिले असे.